हिरडेवाडीचे सफाई शिबिर

१० डिसेंबर १९५६, सोमवार

हेडमास्तरांनी मधल्या सुट्टीत बोलावले. नाताळच्या सुट्टीत दहावीची वीस मुले घेऊन डोंगरातल्या हिरडेवाडीला सफाई शिबिर. वाडीत चराचे संडास खणायचे, उकिरडे हलवायचे, लोकांना आरोग्य शिकवायचे. शेवटच्या दिवशी खुद्द इन्स्पेक्टरसाहेब पाहायला येणार. शिबिरप्रमुख : र. गो. सोवनी, म्हणजे मी.

स्वच्छतेची एवढी कळकळ शाळेत दुसऱ्या कोणाला नाही, हे हेडमास्तरांनी मान्य केले. (नेमके शब्द : "सोवनी, तुम्ही दिवसातून तेरा वेळा हात धुता. तुम्हीच जा.")

जूनमध्ये सुपरवायझरची जागा रिकामी होते. ड्रॉइंग मास्तर टपून बसला आहे. ज्याच्या नखांत बारा महिने गेरू, तो मुलांवर देखरेख करणार! असो. साहेब माझे काम पाहतील तेव्हा प्रश्नच उरणार नाही.

१६ डिसेंबर, रविवार

सामान जमवले. कार्बॉलिक साबण सहा वड्या. फिनेल. विहिरीत टाकायला पोटॅशियम परमँगनेट. युडीकोलनची बाटली (रुमालासाठी). स्वतःचे ताट, वाटी, पेला, तांब्या. पत्र्याच्या शिट्ट्या सहा.

शिट्ट्यांची कल्पना संपूर्ण माझी. वाडीतल्या पोरांचे एक पहारा पथक करायचे. उघड्यावर बसलेला माणूस दिसला की शिट्टी फुंकायची, आणि मोठी माणसे जमेपर्यंत थांबायचे नाही. सापडलेल्याने एक हात चर खणायचा. अपवाद कोणालाही नाही. फार विचार करून नियम केला आहे.

मंडळी म्हणाल्या, "तुम्हाला परक्या घरचं पाणी चालत नाही, पाच दिवस कसं व्हायचं?" त्यांना सांगितले, हे सोवळे नव्हे, आरोग्यशास्त्र आहे. त्या हसल्या. शास्त्राविषयी स्त्रियांत आस्था नाही.

२३ डिसेंबर, रविवार. हिरडेवाडी

पोचलो. शी!

एस. टी.त माझ्या शेजारच्या बाईच्या टोपलीत कोंबड्या. पुढच्या बाकावर एक पोर तीनदा ओकले. युडीकोलन निम्मे तिथेच संपले. एस. टी. संपल्यावर सहा मैल चढण. मुले गाणी म्हणत पुढे निघून गेली. मी मुद्दाम मागे राहिलो, कारण पुढाऱ्याने सर्वांवर मागून नजर ठेवावी.

वाडी म्हणजे तीसेक घरे. दारात शेण, शेणावर माशा, माशा मग माझ्यावर. मुक्काम देवळात. जमीन सारवलेली, म्हणजे ज्या पदार्थाशी लढायला आलो त्यावरच झोपायचे.

वाडीचे म्हातारे पुढारी गेणभाऊ पाया पडायला आले. मी दोन हात दुरूनच नमस्कार घेतला. ते म्हणाले, "या मास्तर, लई लांबून आलासा. पोरांनो, बसा रं." आणि दहावीतल्या सलीमकडे बघून एकदम खुलले. "आरं, तू महंमद हनीफशेठचा ना?" सलीमचे वडील जुन्नरला हिरड्याचा व्यापार करतात. वाडीतला सगळा हिरडा त्यांच्याकडे जातो. त्यामुळे दहा मिनिटांत अख्खी वाडी सलीमभोवती, आणि शिबिरप्रमुख खांबाशी एकटा. गैरसमज आहे, उद्याच्या भाषणाने दूर होईल.

स्वयंपाकाला झुंबरबाई म्हणून एक विधवा. भाकरी थापताना मधेच नाक पुसते. मी पाहिले. भूक नाही असे सांगितले.

सलीमने आईने दिलेले रोट पुढे केले. जैबुन्निसाबाईंनी खास मास्तरांसाठी दिले आहेत म्हणे. पित्ताचे कारण सांगून नाकारले. मी जातपात मानत नाही. पण डबा कोणत्या फडक्याने पुसला असेल, सांगता येत नाही.

२४ डिसेंबर, सोमवार

सकाळी भाषण. विषय : जंतू. पाऊण तास बोललो. मधे कोणी उठले नाही. झुंबरबाईने शेवटी विचारले, "ह्ये जंतू तुमी बघितल्यात का?" भिंगाशिवाय दिसत नाहीत असे सांगितले. "मग भिंग आनलंय का?" नाही म्हटले. लोक हसले. विषय त्यांच्यापर्यंत पोचतो आहे.

दुपारी विहिरीत परमँगनेट टाकले. हात जरा सैल पडला असावा. पाणी जांभळे झाले. चार बायका हंडे घेऊन आल्या, त्यांनी आत वाकून पाहिले आणि किंचाळत परत गेल्या. विहिरीला बाधा झाली म्हणतात. सायंकाळपर्यंत सगळी वाडी अर्धा मैल खालच्या झऱ्यावरून पाणी आणत होती.

निष्कर्ष : आज विहिरीचे अशुद्ध पाणी एकाही माणसाच्या पोटात गेले नाही.

मुले चर खणत आहेत. त्यांचे हात पाहवत नाहीत. नखांत माती, त्याच हातांनी गूळ-शेंगदाणे. मी सावलीतून सूचना दिल्या. पहिला चर तयार, भोवती कुडाचा आडोसा. मुले म्हणाली, "सर, पहिला मान तुमचा." नको म्हटले. प्रमुखाने वापरला की मुलांच्या मनावर दडपण येते.

भूक फार. भाकरीचा मधला भाग खाल्ला, जिथे बोटे लागली नसावीत.

पोट : नाही.

२५ डिसेंबर, मंगळवार

झुंबरबाई पहाटेपासून पाणी भरते आहे. तिच्या कमरेत उसण भरली. सलीमने तीन मुले पाण्याला लावली, म्हणजे खणणारी तीन कमी झाली. सलीमला शिस्त शिकवली पाहिजे. तो म्हणाला, "सर, बाई पडली तर आपल्याला जेवायला कोण घालणार?" उत्तर देणे मला कमीपणाचे वाटले.

गेणभाऊंनी विहिरीतून एक तांब्या काढला, सगळ्यांसमोर प्याले आणि बसून राहिले. लोक त्यांच्याकडे बघत होते. तासाभराने ते म्हणाले, "म्येलो न्हाई. चव वंगाळ हाय, पर मास्तरनं वाईटासाठी केलं नसंल." मग बायका परत विहिरीवर आल्या. शास्त्राचा विजय. मला कालच माहीत होते.

पहारा पथक स्थापन झाले. सहा शिट्ट्या सहा पोरांना. त्यात गेणभाऊंची नात भागू, वय आठ, शेंबूड ओठापर्यंत. शिट्टी तिच्या तोंडात गेल्यावर ती परत घ्यायची नाही असे ठरवले. नियम तिने पाठ म्हणून दाखवला : "कोनीबी आसू द्या, फुकायची. मान्सं येस्तवर थांबायचं न्हाई." चांगली तयार झाली आहे.

पहिल्याच दिवशी चार पुरुष सापडले. चौघांनी निमूट चर खणला. एकाने मात्र कुदळ आपटत विचारले, "मास्तर, तुमी कुटं जाता?" उद्धटपणा.

सलीमचे रोट दोन खाल्ले. प्रयोग म्हणून. बरे आहेत. नंतर आणखी तीन.

पोट : नाही. एक चर दगडी आहे. दुसऱ्यापाशी मुले हसत उभी असतात. तिसरा वाऱ्याच्या दिशेला आहे, फिनेल ओतूनही वास. एवढ्या घाणीत शरीर सहकार्य करणार नाही, हे माझ्या सुसंस्कृतपणाचेच लक्षण.

२६ डिसेंबर, बुधवार

साहेब उद्या येणार. देवळामागे एक आदर्श संडास बांधून घेतला. चुना मारलेल्या काठ्या, आंब्याच्या डहाळ्यांचे तोरण, दारावर लाल फीत. उद्घाटन साहेबांच्या हस्ते, तोपर्यंत आत कोणी जायचे नाही. माझी सक्त आज्ञा.

दुपारी जेवणाच्या पंगतीत मुलांसमोर झुंबरबाई माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "मास्तर, तुमचं त्वांड पिवळं पडलंय. प्वाट न्हाई ना झालं?" वीस मुले. एकाच्या नाकातून भात आला. मी म्हटले, "बाई, हा विषय जेवताना काढत नाहीत." ती म्हणाली, "मग कवा काढायचा? चार दिस मी बघतीय, तुमी तांब्या घिऊन जाता आन् तसाच भरल्याला परत आनता."

तिने हिरड्याची पूड कागदात बांधून दिली. "राती चिमूटभर, ऊन पान्यातनं. चिमूटच. जास्ती नगं." तिच्या पदराला बांधलेली पुडी! देशी औषधांना प्रमाण नसते, शुद्धता नसते. फेकून देणार होतो.

उशीखाली ठेवली आहे. फेकायला जागा नव्हती.

पोट : दगड.

२७ डिसेंबर, गुरुवार. सकाळी ७

चिमूट हे शास्त्रीय माप नव्हे. काल घ्यायचे राहिले, म्हणून कालची आणि आजची मात्रा एकत्र घेतली. मूठभर. काही होत नाही. अपेक्षित होते. अडाणी औषध.

भाषण तयार आहे. साहेबांना घ्यायला सलीमला खिंडीत पाठवले.

२७ डिसेंबर. सायंकाळ

लिहावे की न लिहावे. पण सत्य लिहिण्यासाठीच ही वही आहे.

साहेब अकराला आले. घामाघूम, पण हसतमुख. देवळापुढे सगळी वाडी बसली होती. प्रास्ताविक गेणभाऊंनी केले, दोन वाक्यांत. मग मी उभा राहिलो. "आरोग्य हा राष्ट्राचा पाया आहे," इथपर्यंत ठीक झाले. "आणि पाया जर ढासळला," असे म्हणालो, आणि तेवढ्यात आतून सूचना आली.

आधी दुर्लक्ष केले. घाम फुटला. दुसरी सूचना पहिलीपेक्षा स्पष्ट होती. मी म्हटले, "बाकीचे साहेब सांगतील." आणि खाली उतरलो. साहेब गोंधळले, पण उठून उभे राहिले.

आदर्श संडास वीस पावलांवर. पण दारावर फीत. फीत तोडण्याचा अधिकार साहेबांचा. शिस्त मोडणे माझ्या स्वभावात नाही, या क्षणीही नव्हते, याची नोंद व्हावी. बाकीचे चर गर्दीच्या पलीकडे, म्हणजे बायकांच्या रांगेतून वाट काढत, तीही धावत. शक्य नव्हते. देवळाच्या डावीकडे करवंदीची जाळी होती. मी विचारपूर्वक जाळी निवडली.

बसलो. आणि शिट्टी.

भागू. जाळीच्या पलीकडे, दोन हातांवर. मी तिला हाताने खूण केली. तिला वाटले शाबासकी देतो आहे, ती आणखी जोराने फुंकू लागली. मी म्हटले, "अगं, मी आहे. सर!" तिने शिट्टी तोंडातून काढली, म्हणाली, "कोनीबी आसू द्या," आणि परत तोंडात घातली. बाकीच्या पाच शिट्ट्या धावत आल्या. मागून मुले. मागून वाडी. साहेबांना उद्घाटन इकडेच आहे असे वाटले असावे, ते कात्री घेऊन आले.

मला उठता येत नव्हते. थांबवताही येत नव्हते. करवंदीचे काटे टोचत होते.

कोणीतरी हसायला सुरुवात केली. तेवढ्यात गेणभाऊ पुढे आले. त्यांनी डोक्याचे मुंडासे सोडून जाळीवर टाकले, पाठ फिरवली आणि ओरडले, "तोंडं फिरवा रं सगळी! मानूस हाय त्यो!"

सगळी वाडी एकदम पाठमोरी झाली. साहेबसुद्धा. भागूच्या तोंडातली शिट्टी गेणभाऊंनी काढून घेतली. मग ते सगळ्यांना घेऊन हळूहळू देवळाकडे गेले, आणि जाता जाता साहेबांना यंदाच्या भातपिकाविषयी सांगू लागले.

सापडलेल्या माणसाकडे पाठ करून उभे राहावे, ही सूचना माझ्या नियमांत घालायची राहून गेली होती.

फीत साहेबांनी कापली. मी जाळीतून टाळ्या ऐकल्या.

२८ डिसेंबर, शुक्रवार. निघण्याआधी

काल साहेब गेल्यावर भागूने विचारले, "सरांचा दंड?" सलीम पटकन म्हणाला, "जाऊ दे गं. सरांची तब्येत बरी नाही." मुले खाली बघत होती. मला माफी! वीस पोरांकडून!

मी कुदळ मागितली. एक हात चर खणायचा, नियम नियम आहे. मुरूम लागला. कुदळ तिसऱ्या घावाला पायाजवळून गेली. अर्ध्या तासात टीचभर खड्डा, तळहाताला चार फोड, अंगभर माती. मातीला वास असतो. एरवी मी आंघोळ केली असती, पण उभे राहायचीही ताकद नव्हती. तसाच खड्ड्याच्या काठावर बसलो. ज्याने मंगळवारी कुदळ आपटली होती तो माणूस आला, माझ्या हातातून कुदळ घेतली आणि उरलेले खणले. झुंबरबाईने कसल्याशा पाल्याचा रस फोडांवर लावला. हात धुतला होता का, विचारायचे राहिले. "चिमूट म्हनलं व्हतं," एवढेच म्हणाली.

नंतर भाकरी खाल्ली. अख्खी. कडेसकट.

एकंदरीत शिबिर माझ्या अपेक्षेप्रमाणे पार पडले. साहेबांच्या लक्षात मी राहीन, हे निश्चित.

१४ जानेवारी १९५७, सोमवार

साहेबांचा अहवाल आला. मुलांची स्तुती. सलीमचे नाव दोनदा. माझ्याविषयी एकच वाक्य (खणल्याचे सलीमने त्यांना कळवले असावे) : "शिबिरप्रमुखांनी नियम स्वतःलाही लावला." हेडमास्तर ते वाचताना खोकत होते. त्यांनी रुमाल तोंडावर बराच वेळ धरला. सर्दीचा प्रसार असाच होतो. मी खुर्ची मागे सरकवली.

वाक्य उत्तम आहे. सुपरवायझरसाठी अर्ज करताना तेच वापरीन.

वर्गात शिरलो की मागच्या बाकावरून कोणीतरी बारीक शिट्टी मारते. गुन्हेगार सापडलेला नाही. सलीमने उभे राहून वर्गाला सांगितले, "पुन्हा कोणी केलं तर माझ्याशी गाठ." मी त्याला खाली बसवले. मला रखवाल्याची गरज नाही. पण आज शिट्टी झाली नाही.

११ मार्च, सोमवार

सुपरवायझर : ड्रॉइंग मास्तर.

कारण सांगितले नाही. मी विचारले नाही. त्याने पेढे वाटले. पेढ्यावर बोटाचा ठसा, बोटाला गेरू. पेढा खिडकीबाहेर टाकला. ही संस्था कोणत्या थराला गेली आहे, हे पाहून किळस येते. राजीनामा लिहायला घेणार होतो, पण टाक चांगला नव्हता.

२० एप्रिल, शनिवार

गेणभाऊ जुन्नरला आले होते. महंमद हनीफशेठकडे हिरडा घातला आणि तिथून थेट शाळेत. हेडमास्तरांच्या खोलीत बसले. मी शेजारी स्टाफरूममध्ये होतो, मधे नुसता पडदा. ऐकायचे नव्हते, पण उठून जायला कारण नव्हते.

वरच्या वाडीलाही चर पाहिजेत. खालचे चांगले चालले आहेत. बायकांची मोठी सोय झाली, आता पहाटेच्या अंधाराची वाट बघावी लागत नाही, झुंबरबाई रोज नाव काढते. मे महिन्यात शिबिर पुन्हा द्या. सलीमला पाठवा, पोरे पाठवा.

हेडमास्तरांनी विचारले, "आणि सोवनी मास्तर?"

गेणभाऊ म्हणाले, "त्यास्नी तरास नगं द्यायला, साहेब. भला मानूस हाय. पर त्यास्नी लई सोसावं लागतं."

संध्याकाळी हेडमास्तर माझ्या टेबलाशी आले. हातात यादी, वर माझे नाव. म्हणाले, "सोवनी, मे महिन्यात पुन्हा हिरडेवाडी. तुम्हाला जायचंय का?"

मी म्हटले, "छे! ती घाण, त्या माशा, ते जेवण. पुन्हा कोण जाणार?"

ते म्हणाले, "बरं." आणि पेन्सिलीने माझे नाव खोडले. लगेच. टेबलाला टेकूनसुद्धा नाही, उभ्या उभ्याच.

माणसाने एकदा तरी आग्रह करावा.